ब्रात्री व्ह त्रिकू

प्राग येथील अ‍ॅनिमेशनपटांचा चेक स्टुडिओ. स्थापना १९४५. चेक भाषेत ‘त्रिक’ म्हणजे करामत आणि ‘त्रिको’ म्हणजे बनियनवजा सदरा. त्यामुळे ‘करामती भाऊ’ आणि ‘बनियनमधले भाऊ’ असे दोन्ही अर्थ या नावातून निघतात. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातलेली तीन मुले हे बोधचिन्ह झ्देन्येक मिलेर यांनी काढले.

मार्च १९३९ मध्ये जर्मनांनी प्राग व्यापले आणि त्याच वर्षी चेक विद्यापीठांना टाळे ठोकले. शहरातील चित्रपट-करामतींची एक छोटी कार्यशाळाही त्यांनी ताब्यात घेतली. तिथे जर्मनांसाठी राबताना, शिक्षण तुटलेल्या तरुण चेक चित्रकारांचा हात तयार झाला. युद्ध संपताच नव्या स्टुडिओच्या नेतृत्वासाठी त्यांनी गाठले ते यिर्झी त्रन्का (जन्म १९१२) यांना. त्रन्का पुस्तकांतील चित्रांसाठी आणि बाहुल्यांसाठी नावाजलेले होते, अ‍ॅनिमेशन मात्र त्यांना नवीन होते. ऑगस्ट १९४५ मध्ये चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तिकीटविक्रीची धास्ती उरली नाही.

पहिल्याच वर्षी त्रन्कांनी आजोबांच्या अवाढव्य कंदाची लोककथा पडद्यावर आणली. देशात शिधापत्रिका होत्या आणि त्या १९५३ पर्यंत राहिल्या. अशा दिवसांत सगळ्या घराने मिळून उपटायचा कंद हा विषय मुलांच्या किती जवळचा असेल! पाठोपाठ आलेल्या, प्राणी आणि दरोडेखोरांच्या गोष्टीला १९४६ च्या कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. डिस्नेचा गोलाईदार गुळगुळीतपणा त्रन्कांनी जाणून टाळला होता.

सर्वांत धीट विनोद ‘पेराक आणि एसएस’ (१९४६) या चित्रपटात आहे. अंधारात भिंतींवरून उड्या मारणाऱ्या ‘स्प्रिंगवाल्या’ माणसाच्या वावड्या व्यापलेल्या प्रागमध्ये तोंडोतोंडी फिरत होत्या. त्रन्का आणि यिर्झी ब्रदेच्का यांनी त्याला धुराडी साफ करणारा साधा कामगार केले. जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा पायांना बांधून तो छपरांवरून उसळत जातो आणि नाझींच्या एसएस या दलाचे शिपाई खाली धडपडत राहतात. ज्या गणवेशाच्या नुसत्या चाहुलीने वर्षभरापूर्वी लोक श्वास रोखून धरत, त्यालाच आता चित्रपटगृहात हसता येत होते. हे हसू दुःख विसरायला लावणारे नव्हते. मनात दबून राहिलेली भीती त्यातून बाहेर पडत होती.

त्रन्का लवकरच बाहुलीपटांकडे वळले. स्टुडिओचे बोधचिन्ह काढणाऱ्या मिलेर यांचा मोल हा बिळात राहणारा प्राणी १९५७ मध्ये पडद्यावर आला. त्याला खिशांची विजार हवी असते. मग जवसाच्या खोडातले तंतू हेजहॉग आपल्या काट्यांनी विंचरतो, मुंग्या कापड विणतात आणि मोलला निळी विजार मिळते.