बावला खून खटला : अभिलाषा, संशय आणि न्याय

काही खटल्यांचा निकाल लागतो, पण लोकांच्या मनातला खटला मिटत नाही. मुंबईचा बावला खून खटला अशांपैकीच एक आहे. शंभर वर्षे लोटली, तरी त्याची हकीकत चवीने सांगितली जाते. राजा, नर्तकी, धनिक प्रियकर आणि पिस्तूल! पण ही चव बाजूला ठेवून इतिहासाने विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत : येथे सिद्ध काय झाले, संशयित काय राहिले, आणि दोहोंचा उपयोग कोणी कसा करून घेतला?

घटना १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळची. अब्दुल कादर बावला हा तरुण मुसलमान व्यापारी मुमताज बेगमसह मोटारीतून मलबार हिलवर फिरावयास गेला होता. दुसऱ्या एका मोटारीने त्यांची वाट अडवली. मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला, तिच्या चेहऱ्यावर वार झाले आणि बावला गोळ्या लागून मरण पावला. योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तेथे आले. गोल्फच्या काठीनिशी ते हल्लेखोरांवर धावले, म्हणून मुमताज वाचली आणि काही आरोपी जागीच सापडले. एरवी ही एक न उलगडलेली चोरटी हत्या ठरती.

मुमताज ही इंदूरच्या दरबारातील नर्तकी. महाराज तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयाला अनेक वर्षे राहिलेली. त्या जिण्याला विटून ती निघून आली होती. दरबाराच्या लेखी ती पळालेली होती. तिच्या स्वतःच्या लेखी ती सुटलेली होती. सारा तंटा या दोन शब्दांतील अंतराचा आहे. अभिलाषेला सत्तेची जोड मिळाली, की ती मालकी होते, आणि मालकाला नकार हा चोरीसारखा वाटू लागतो.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे नऊ आरोपी उभे राहिले. त्यांत इंदूर संस्थानच्या सेवेतील माणसे होती. सरदार आनंदराव फणसे यांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे होते. मे १९२५ मध्ये तिघांना फाशीची आणि चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, दोघे सुटले. मारणारे हात सापडले. त्या हातांमागे आज्ञा कोणाची, हे मात्र या कोर्टात ठरणे शक्य नव्हते, कारण संस्थानिक त्याच्या अधिकाराबाहेर होता.

येथून पुढे न्यायाची जागा राजकारणाने घेतली. हिंदुस्थान सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या : चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. चौकशी झालीच नाही. त्यामुळे त्यांचा अपराध सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, आणि ते निर्दोष ठरले असेही म्हणता येत नाही.

बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे प्रकरण येथे आठवावे. रेसिडेंटवर विषप्रयोग करविल्याच्या आरोपावरून १८७५ मध्ये आयोग बसला. त्यातील तीन इंग्रज सभासदांनी त्यांना दोषी मानले, तिघा हिंदी सभासदांनी मानले नाही. तरीही गैरकारभाराचे कारण दाखवून त्यांना पदच्युत करण्यात आलेच. आयोग बसला काय आणि न बसला काय, गादी देणे-घेणे हे सार्वभौम सत्तेच्या हाती होते. संशय हे त्या सत्तेचे सोयीचे हत्यार होते. पण म्हणून मलबार हिलवरचे रक्त खोटे ठरत नाही. साम्राज्याचा स्वार्थ आणि दरबाराचा जुलूम ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

लोकांनी या प्रकरणाचे काय केले? कोहिनूर कंपनीने १९२५ मध्येच त्यावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. रक्त वाळते न वाळते तोच शोकांतिकेची करमणूक झाली. त्या करमणुकीत मुमताज कधी मोहिनी ठरली, कधी अबला. प्रत्यक्षात ती साक्षीदार होती. चेहऱ्यावरच्या जखमांच्या खुणा घेऊन भर कोर्टात ती उभी राहिली आणि उलटतपासणीला उत्तरे देत गेली. एका संस्थानाच्या सावलीत वाढलेल्या स्त्रीने आपण कोणाचीही मालमत्ता नाही, हे शपथेवर सांगावे, ही १९२५ सालची गोष्ट लहान नव्हे.

खटला बावलाच्या नावाने ओळखला जातो, तुकोजीरावांच्या नावाने चघळला जातो. परंतु या साऱ्याचा उगम एका स्त्रीच्या नकारात होता, आणि तो नकार गुन्हा नव्हता, एवढे तरी आपण निःसंशय म्हणू शकतो.