जन्मतः पापी कोण?

ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतःच पापी ठरवतो, आपले संत त्याला ईश्वराचा अंश मानतात. शिवाय तिकडे पाद्र्याच्या कानात पाप सांगितले की सुटका! हा पूर्वपक्ष मराठवाड्यात सुशिक्षितही बोलून दाखवतात. विवेकानंदांनी 1893 मध्ये शिकागोत माणसाला पापी म्हणण्यालाच हरकत घेतली, तेव्हापासून त्याला वजन आले आहे.

त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. आदामाचे पाप सर्व मानवजातीला लागते, हे ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने ते नाकारणाऱ्या पेलागियसच्या विरोधात मांडले आणि 418 च्या कार्थेज परिषदेने तीच बाजू घेतली. प्रोटेस्टंट सुधारक काल्विनचा सूर तर त्याहून कठोर. पण त्या एका सुरावरून अख्ख्या ख्रिस्ती नीतिविचाराचा निवाडा करणे अन्यायाचे आहे. बाप्तिस्म्यानंतर उरणारी वाईटाची ओढ हे खरे पाप नव्हे, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1546 मध्येच ठरवले. कॅथलिक चर्चचा 1992 चा धर्मशिक्षणग्रंथ आणखी स्पष्ट बोलतो: मूळ पाप ही वाट्याला आलेली अवस्था आहे, केलेले कृत्य नाही, आदामाच्या कोणत्याही वंशजाचा तो वैयक्तिक दोष नाही, मानवी स्वभाव जखमी आहे, पुरता नासलेला नाही. आत्म्याचा घात करणाऱ्या पापाला हा ग्रंथ तीन अटी घालतो: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी. पाळण्यातल्या बाळाकडे यांतले काय आहे?

पापकबुलीवरचा आक्षेप तर निव्वळ ऐकीव. पश्चात्ताप आणि भरपाई यांच्यावाचून ती पुरी होत नाही. मराठवाड्यातले परभणी म्हणजे कापसाचा मुलूख, म्हणून उदाहरण तिथलेच घेतो. शेतकऱ्याच्या कापसात काटा मारणारा व्यापारी कबुली देऊन आला, तरी मारलेला पैसा शेतकऱ्याला परत करणे त्याला चुकत नाही. कॅथलिक धर्मशास्त्री थॉमस अक्वायनसने ही परतफेड तारणाला आवश्यक मानली. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय लुबाडलेल्याच्या चौपट परत करायला निघतो, तो याच न्यायाने.

आता संतांकडे वळू. जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची, नामदेवांचे नर्सी 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. स्वतःला पतित म्हणवून विठ्ठलाला पतितपावन म्हणणे हा त्यांच्याच वारकरी परंपरेचा नित्याचा सूर. त्यात आपण आत्मनिंदा पाहत नाही, जिव्हाळ्याची जवळीक पाहतो. मग तोच कबुलीजबाब ख्रिस्ती भक्ताच्या तोंडी आला की तो मानवाचा अपमान कसा होतो? 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे सांगत, ते उगाच नव्हे.

खरा मतभेद वेगळा आहे. पापाचे ऋण जन्मोजन्मी कर्माने फिटते, की याच एका आयुष्यात क्षमेने? यावर दोन्हीकडच्या विद्वानांनी कडाडून भांडावे. ‘जन्मतः पापी’ हा आरोप मात्र त्या वादातून काढून टाकावा. ज्या अर्थाने तो केला जातो, त्या अर्थाने तो खोटा आहे.