विनोदाची मुभा आणि वर्णद्वेष : ‘लाफ फॅक्टरी’ प्रकरणाचा (२००६) ऐतिहासिक संदर्भ

प्रस्तावना

दि. १७ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतील हॉलिवूड परिसरात, सनसेट बुलेव्हार्डवरील ‘लाफ फॅक्टरी’ या क्लबमध्ये मायकेल रिचर्ड्स हे गोरे अभिनेते एकपात्री विनोदी कार्यक्रम सादर करीत होते. ‘साइनफेल्ड’ (१९८९-१९९८) या दूरचित्रवाणी मालिकेतील क्रेमर या भूमिकेने त्यांना अफाट लोकप्रियता व तीन एमी पुरस्कार मिळवून दिले होते. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतील काही कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलण्याने व शेरेबाजीने व्यत्यय आला. त्यावर रिचर्ड्स यांचा तोल सुटला व त्यांनी त्या तरुणांना उद्देशून कृष्णवर्णीयांसाठीची सर्वांत हीन मानली जाणारी शिवी पुनःपुन्हा उच्चारली. सदर शब्द अमेरिकन वृत्तपत्रे पूर्ण न छापता ‘एन-वर्ड’ असा लिहितात. येथेही तोच संकेत पाळला आहे. एका प्रेक्षकाने केलेले चित्रण तीन दिवसांनी सर्वत्र प्रसारित झाले. त्याच रात्री डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात उपग्रहाद्वारे रिचर्ड्स यांनी क्षमा मागितली. ते क्षमा मागत असताना स्टुडिओतील काही प्रेक्षक हसू लागले, तेव्हा तेथे उपस्थित असलेल्या जेरी साइनफेल्ड यांना, यात हसण्यासारखे काही नाही, असे सांगून त्यांना थांबवावे लागले.

या घटनेनंतर अमेरिकेत जी चर्चा झाली, तिचा रोख लवकरच एका प्रश्नाकडे वळला. कृष्णवर्णीय विनोदवीर हाच शब्द रंगमंचावर सर्रास वापरतात व त्यांस टाळ्या मिळतात. मग गोऱ्या कलावंतास वेगळा न्याय का? हा दुटप्पीपणा नव्हे काय? प्रश्न वरकरणी तर्कशुद्ध भासतो. तथापि त्यात शब्दालाच संपूर्ण कृती मानले आहे. तो कोणी, कोणास व कोणत्या इतिहासाच्या आधारावर उच्चारला, हे बाजूस ठेवले की उरतो तो केवळ ध्वनी. आणि ध्वनीचा न्याय सर्वांना सारखाच लागू होणार हे उघड आहे. प्रस्तुत लेखात या वगळलेल्या भागाचा विचार केला आहे.

‘पन्नास वर्षांपूर्वी’

रिचर्ड्स यांच्या उद्गारांपैकी सर्वांत भयंकर उद्गार ती शिवी नव्हती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिवीच्याही आधी त्यांनी त्या तरुणांना बजावले, की पन्नास वर्षांपूर्वीचा काळ असता तर तुम्हांला उलटे टांगले असते. हा संदर्भ झुंडीने केलेल्या हत्यांचा आहे. टस्कीगी संस्थेने ठेवलेल्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत अशा ४,७४३ हत्या झाल्या व त्यांतील ३,४४६ बळी कृष्णवर्णीय होते. २००६ मधून पन्नास वर्षे वजा केली असता आपण १९५६ मध्ये येतो. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९५५ मध्ये, मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची अमानुष हत्या झाली होती व केवळ गोऱ्या सदस्यांच्या ज्यूरीने सप्टेंबरमध्ये आरोपींना निर्दोष सोडले होते. अशा हत्येस संघराज्याच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविणारा अधिनियम टिल याच्याच नावाने मार्च २०२२ मध्ये संमत झाला. म्हणजे रिचर्ड्स बोलत होते त्या रात्री तसा कायदाही अस्तित्वात नव्हता.

एकपात्री विनोदाच्या परंपरेत व्यत्यय आणणाऱ्या प्रेक्षकाची फजिती करण्याची मुभा कलावंतास असते, हे मान्य केले पाहिजे. किंबहुना ते त्या कलेचे एक अंगच आहे. परंतु ही फजिती प्रेक्षकाच्या वागण्याची होते : त्याच्या मोठ्या आवाजाची, मद्याच्या अंमलाची, अगोचरपणाची. वागणे बदलता येते; गप्प बसले की विषय संपतो. लाफ फॅक्टरीत मात्र व्यत्ययाचे उत्तर जन्माने दिले गेले. गोऱ्या प्रेक्षकाने तेवढाच गोंगाट केला असता तर त्याला झाडावर टांगण्याची आठवण कोणी करून दिली नसती, कारण तशी आठवण उपलब्धच नव्हती. दुटप्पीपणा शोधावयाचा तर तो प्रथम येथे आढळतो.

काजळी फासलेला चेहरा

अमेरिकन लोकरंजनाचा आरंभच मुळी या असमान व्यवहारातून झाला आहे. सुमारे १८३० मध्ये थॉमस डी. राइस या गोऱ्या नटाने चेहऱ्याला काळा रंग फासून ‘जिम क्रो’ नावाचे पात्र रंगविले. पुढे दक्षिणेकडील वर्णभेदाच्या कायद्यांना याच पात्राच्या नावाने ओळखले जाऊ लागले. विनोदी पात्राचे नाव अन्यायी कायद्याला मिळावे, हा इतिहासातील योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. १८४३ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चमूने या प्रकाराला पूर्ण कार्यक्रमाचे रूप दिले. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय कलावंतांना रंगमंचावर प्रवेश मिळाला; पण त्यांनाही चेहरा काळा करावा लागे. बर्ट विल्यम्स (१८७४-१९२२) यांच्यासारखा असामान्य नट १९१० मध्ये ‘झिगफेल्ड फॉलीज’च्या प्रतिष्ठित रंगमंचावर उभा राहिला तोही काजळी फासूनच.

नभोवाणीवर १९२८ पासून गाजलेल्या ‘ॲमॉस अँड अँडी’मधील दोन्ही कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज गोऱ्यांचे होते. तेव्हा गोऱ्याने कृष्णवर्णीयाचे सोंग घेणे ही करमणूक होती. कृष्णवर्णीयाने गोऱ्या प्रेक्षकांसमोर स्वतःच्या नावाने व स्वतःच्या चेहऱ्याने उभे राहून त्यांच्याचविषयी बोलणे, ही गोष्ट मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दुर्मीळच राहिली.

ग्रेगरी आणि प्रायर

जानेवारी १९६१ मध्ये डिक ग्रेगरी यांना शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये संधी मिळाली. समोर दक्षिणेतून आलेले गोरे व्यावसायिक बसले होते. ग्रेगरी यांची त्या काळातील एक कोटी विशेष प्रसिद्ध आहे. प्रेक्षकांतून कोणी ‘एन-वर्ड’ फेकलाच, तर ते सांगत की, माझ्या करारानुसार हा शब्द ऐकू आला की प्रत्येक वेळी मला पन्नास डॉलर जादा मिळतात. तरी सर्वांनी उभे राहून पुन्हा एकदा ओरडावे. लाफ फॅक्टरीतील प्रसंगाचे हे जणू उलटे चित्र आहे. रंगमंचावर कृष्णवर्णीय, प्रेक्षागृहात गोरा, शब्द तोच. व्यत्यय आणणारा मात्र खरोखरच अपमान करू पाहणारा. ज्याला संतापण्याचे सर्वाधिक कारण होते, त्याने संतापणे टाळले, कारण संताप त्याला परवडणारा नव्हता. कलावंताचा तोल सुटला म्हणून त्याला समजून घ्यावे, ही सवलतही सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. १९६४ मध्ये ग्रेगरी यांनी आपल्या आत्मचरित्राला हाच शब्द शीर्षक म्हणून दिला.

रिचर्ड प्रायर यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या १९७४ मधील ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातच तो शब्द होता व तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. वस्तीतील माणसे आपसांत जशी बोलतात तसेच रंगमंचावर बोलण्याचा त्यांचा आग्रह होता. परंतु १९७९ मध्ये ते केनियाला गेले व तेथे सर्व थरांतील आफ्रिकी माणसे पाहून, यांच्यापैकी एकालाही हा शब्द लागू होत नाही, अशी जाणीव त्यांना झाली. १९८२ च्या ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’ या चित्रपटात त्यांनी तो शब्द सोडत असल्याचे सांगितले. शब्द वापरण्याचा व टाकण्याचा, असे दोन्ही निर्णय प्रायर यांचे स्वतःचे होते, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. कृष्णवर्णीय समाजात याविषयी एकमत होते असे मानणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा वाद परका वाटू नये. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आणि १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ने आपले नाव तेथील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. आपल्याकडील १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमानेही सार्वजनिक ठिकाणी केलेल्या अवमानाचा विचार करताना अवमान करणारी व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीबाहेरील असणे हा गुन्ह्याचाच एक घटक मानला आहे. कोण कोणास बोलतो, हा प्रश्न कायद्यानेही गैरलागू मानलेला नाही.

नियम आणि दंड

रिचर्ड्स प्रकरणानंतर अवघ्या दहा दिवसांत रेव्हरंड जेसी जॅक्सन, काँग्रेस सदस्या मॅक्सिन वॉटर्स व विनोदवीर पॉल मूनी यांनी मनोरंजनक्षेत्रातून हा शब्द हद्दपार करण्याचे आवाहन केले. मूनी हे प्रायर यांचे लेखनसहकारी. स्वतः हा शब्द मुक्तपणे वापरणारे. रिचर्ड्स यांचे चित्रण पाहून आपण तो सोडत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्क नगर परिषदेने प्रतीकात्मक ठराव केला व जुलैमध्ये एन.ए.ए.सी.पी. या संघटनेने डेट्रॉइट येथे त्या शब्दाची अंत्ययात्रा काढली. या प्रयत्नांमागील तळमळ निःसंशय होती. स्वतः रिचर्ड्स यांनी २००७ मध्ये एकपात्री कार्यक्रमातून निवृत्ती जाहीर केली.

लाफ फॅक्टरीने आपल्या रंगमंचावर त्या शब्दास सर्वांसाठी बंदी केली. नियम समान होता; दुटप्पीपणाचा आक्षेप घेणाऱ्यांना हवा होता तसाच. डिसेंबर २००६ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली ती डेमन वेयन्स या कृष्णवर्णीय विनोदवीरावर. प्रत्येक उच्चारामागे वीस डॉलर याप्रमाणे सोळा उच्चारांचा ३२० डॉलर दंड व तीन महिन्यांची प्रवेशबंदी. वेयन्स यांनी कोणाही प्रेक्षकाला झाडाची आठवण करून दिलेली नव्हती. ग्रेगरी यांच्या कोटीतील करारात प्रत्येक उच्चाराचे पन्नास डॉलर कृष्णवर्णीय कलावंताला मिळत. या नव्या नियमात तेवढ्याच शब्दाचे वीस डॉलर त्याच्याकडून वसूल झाले.