चांद्याचे गोंड राज्य

सध्याच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यातील मध्ययुगीन राज्य. राजधानी प्रथम सिरपूर, मग बल्लारपूर व अखेर चांदा (चंद्रपूर). वैरागडची हिऱ्यांची खाण या राज्याच्या ताब्यात होती. ‘आईन-इ-अकबरी’त येथील बाबाजी राजाचे ४०,००० पायदळ नोंदवले आहे, आकडा फुगवलेला असावा. मोगलांपुढे राज्य टिकले ते जंगल, भक्कम परकोट आणि वेळ पाहून भरलेल्या खंडणीमुळे. १६६७ मध्ये दिलेरखान चालून आला, तेव्हा राजाने मोठी खंडणी कबूल करून गादी राखली. नागपूरकर भोसल्यांपुढे मात्र ही युक्ती चालली नाही. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी राज्य खालसा केले. अखेरचा राजा नीळकंठशाह बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला.