मुंबईतल्या गोंयकारांच्या कुडी

कूड म्हणजे मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती पुरुषांनी आपापल्या गावाच्या नावाने चालवलेले सामाईक बिऱ्हाड. भाड्याच्या एक-दोन खोल्या, भिंतींलगत ओळीने लावलेल्या पेट्या, एका टोकाला गावच्या संताची वेदी आणि दारावर गावाच्या नावाची पाटी, एवढ्यावर कूड उभी राही. इमारतीचा घरमालक महिन्याचे भाडे घेई, पण खुद्द कुडीला मालक नसे. तिच्यामागे कुणी दानशूर शेठ नसे आणि सरकारी अनुदानही नसे. राहणारेच वर्गणी भरत, राहणारेच पदाधिकारी निवडत, नियम करत आणि नियम मोडणाऱ्याला बाहेरही काढत. धोबी तलाव, सोनापूर, कावेल, डाबूल आणि माझगाव या भागांत विसाव्या शतकाच्या मध्यास अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नोंद ‘क्लब’ म्हणून होई. क्लब म्हटल्यावर जो थाट मनात येतो त्याचा मात्र तिथे मागमूस नसे.

गोव्यातून मुंबईकडे येणारा ओघ एकोणिसाव्या शतकात वाढत गेला. बार्देस आणि सासष्टी या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या, तालुक्यांत वस्ती दाट होती, पोटापुरती जमीन थोड्यांकडेच होती आणि उद्योग जवळजवळ नव्हते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातल्या मिठाचे उत्पादन आणि व्यापार ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेला. मिठागरांवर जगणाऱ्या घरांना त्याची झळ लागली. याच तहामुळे मुरगावची रेल्वे झाली. तिने गोव्याला फारसा उद्योग दिला नाही, बाहेर पडण्याची वाट मात्र सोपी केली. गावोगावचे तरुण मुंबईत येऊन खानसामे, बटलर, शिंपी, कारकून, बँडवाले होऊ लागले. सर्वांत मोठा ओढा जहाजांचा होता.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हे पूर्वेकडचे पहिल्या प्रतीचे बंदर बनले. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया यांसारख्या कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी जातिधर्माप्रमाणे ठरून गेली होती. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे मुसलमान, आणि स्वयंपाकघर, भोजनगृह, केबिन यांच्या सेवेत गोमंतकीय ख्रिस्ती. गोमांस, डुकराचे मांस किंवा मद्य हाताळायला त्यांची हरकत नव्हती, पोर्तुगीज अमलामुळे युरोपीय जेवणाची रीत त्यांना परकी नव्हती, म्हणून गोऱ्या उतारूंच्या तैनातीला कंपन्यांनी त्यांना पसंत केले. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत राहिले. बाप ज्या कंपनीत, मुलगाही त्याच कंपनीत.

या नोकरीच्या रीतीतच बेघरपण होते. खलाशाचा करार सफरीपुरता असे. सफर संपली की पगार चुकता होई आणि माणूस बंदरावर उतरे. पुढची बोट महिन्याने मिळेल की आठ महिन्यांनी, हे कुणी सांगू शकत नसे. दर वेळी गोव्याला परतावे तर बोटीचे बोलावणे चुके, आणि मुंबईत खोली घ्यावी तर समुद्रावर असताना तिचे भाडे कशातून भरायचे? बायकामुले गावीच. मधल्या काळात बहुतेक भारतीय खलाशांचा मुक्काम भाडोत्री निवासचालकांकडे असे. हे निवासचालक आणि नोकऱ्या मिळवून देणारे घाट सारंग यांची साखळी होती. उधारीवर जेवण-निवारा द्यायचा, सफर मिळाली की आगाऊ रकमेतून वसुली करायची आणि नोकरी लावून दिल्याची दस्तुरी वेगळी घ्यायची. समुद्रावर निघतानाच माणूस कर्जात असे. मुंबईच्या बंदरावर गोमंतकीय खलाशांना या सापळ्यातून निदान निवाऱ्यापुरती सुटका मिळाली ती कुडीमुळे.

कुडीचे सभासदत्व जन्माने मिळे. त्या गावचा, त्या पॅरिशचा माणूस असणे एवढी अट. सुरुवातीला प्रवेश फी, मग दरमहा लहानशी वर्गणी. ती जागेच्या भाड्याहून फार वेगळी गोष्ट होती, कारण माणूस खोलीत राहत असो वा दर्यावर असो, ती चालूच राही. पन्नास-शंभर सभासदांपैकी एका वेळी थोडेच मुंबईत असत, आणि बाहेर असलेल्यांच्या वर्गणीवर रिकाम्या हाताने बसलेल्यांचा निवारा टिके. ज्याला काम नाही त्याची थकबाकी वहीत मांडली जाई. बोट मिळाली आणि पगार हाती आला की तो ती फेडी. थकबाकीदाराला लगेच रस्त्यावर काढण्याची पद्धत नव्हती. आज जो फेडतो आहे तो उद्या थकबाकीत असणार, हे प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होते. सबंध व्यवस्थेचा आधार हाच होता. एखाद्या धर्मशाळेच्या विश्वस्ताला ही जाणीव शिकवावी लागली असती.

सभासदाच्या हक्काची जागा म्हणजे त्याची पेटी. लाकडी किंवा पत्र्याची, कुलपाची, वर नाव रंगवलेली. पेटीत कपडे, पत्रे, घरच्यांसाठी जमवलेले सामान आणि जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेले दाखल्याचे पुस्तक, ज्याला खलाशी ‘नळी’ म्हणत. रात्री पेटीपुढच्या जमिनीवर चटई पसरायची, सकाळी गुंडाळून ठेवायची. पलंग नसल्याने शनिवारी दहा माणसे असली काय आणि सोमवारी तीस आली काय, जागा पुरवून घेता येई. माणूस सफरीवर गेला तरी पेटी तिथेच राही. वर्ष-दीड वर्षाने तो परते तेव्हा शहरात त्याच्या मालकीची तेवढी दोन-तीन हात लांबीची वस्तू त्याची वाट पाहत असे. काही पेट्यांचे धनी परतलेच नाहीत. दोन महायुद्धांत पाणसुरुंग आणि पाणबुड्यांनी बुडवलेल्या ब्रिटिश बोटींवर गोमंतकीय खानसामेही होते.

अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि रोजचा कारभार पाहणारा मॅनेजर, अशी कुडीची रचना असे. हे सगळे सभासदांतूनच निवडले जात. जमाखर्च सभेपुढे ठेवावा लागे. नियम भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेले असत: दारू पिऊन यायचे नाही, जुगार नाही, मारामारी नाही, रात्री ठरल्या वेळेनंतर दिवे बंद, आणि संध्याकाळच्या रोझरीला हजर राहायचे. चुकारांना दंड असे. ही प्रार्थना, म्हणजे तेर्स, सक्तीची का होती याचे उत्तर फक्त भाविकपणात शोधणे पुरेसे नाही. दिवसभर विखुरलेली माणसे त्या अर्ध्या तासात एकत्र येत. कोण आजारी आहे, कुणाला काम लागले, कोण दोन दिवस आलेला नाही, हे तिथे आपोआप कळे. हजेरीपटाचे काम प्रार्थनेने केले. आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, मेलेल्याची शवपेटी आणि दफनाचा खर्च, त्याच्यासाठी मिस, गावी निरोप, या सगळ्याची तरतूद कुडीच्या निधीतून होई.

अशी शिस्त परक्या शहरात एकाएकी निर्माण होत नाही. गोव्याच्या गावात तिच्या दोन शाळा होत्या. एक गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद. सामाईक जमीन गावाने मिळून कसायची, बांध आणि मानशी, म्हणजे बांधांतली पाण्याची दारे, सांभाळायची, लिलाव, हिशेब आणि सभा ठेवायच्या आणि उरलेल्या नफ्यातून गावकारांना जोण वाटायचे, ही तिची जुनी रीत पोर्तुगीजांच्या आधीपासूनची. दुसरी कोंफ्रारी, म्हणजे चर्चशी जोडलेला बंधुसंघ. त्याचा निधी, त्याचे निवडलेले पदाधिकारी, सभासदाच्या अंत्यविधीची जबाबदारी. या दोन्हींचा सराव असलेली माणसे मुंबईत खोली भाड्याने घेतात तेव्हा वह्या, सभा आणि वर्गणी त्यांच्याबरोबर येणारच. उलट दिशेनेही प्रवाह चाले. चर्चच्या डागडुजीला, शाळेला, फेस्ताला मुंबईच्या कुडीतून पैसे जात. गावच्या संताचे फेस्त मुंबईतही होई. लदाईन ही सामूहिक प्रार्थना म्हटली जाई, उकडलेले चणे वाटले जात, आणि त्या दिवशी इतर कुडींच्या पाहुण्यांनी जिना भरून जाई.

गाव आले तसे गावाचे भेदही आले. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात बामण, चार्डो, सुदिर हे जातिभेद धर्मांतरानंतरही टिकले होते. कोंफ्रारीतले मान त्यांवरून ठरत, आणि एकाच गावाच्या दोन वेगळ्या कुडी मुंबईत उभ्या राहिल्या त्याचे कारण पुष्कळदा हेच होते. ज्या गावचा समाज मुंबईत लहान, त्या गावच्या माणसाला शेजारच्या गावाची ओळख लावून जागा मिळवावी लागे. स्त्रियांना तर बहुतेक कुडींचे दार बंदच होते. गोव्यातून आया म्हणून आलेल्या बायका मालकांच्या घरी राहत. नोकरी सुटली की त्यांना नातेवाइकांखेरीज आसरा नसे. आपल्याच माणसांपुरती असलेली ही व्यवस्था त्या माणसांसाठी फार चांगली चालली, हे खरे. तिच्या कक्षेबाहेर कोण राहिले हेही तिच्या इतिहासात नोंदले पाहिजे.

कोकणी भाषेला आणि रंगभूमीला कुडींनी जे दिले त्याचे मोल मोठे आहे. पहिले तियात्र, म्हणजे गाण्यांसह सादर होणारे कोकणी नाटक, गोव्यात झाले नाही. ‘इतालियन भुरगो’ हे लुकासिन्यो रिबेरो आणि जुआंव आगुश्तीन्यो फेर्नांदिस यांचे तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झाले. पुढची कित्येक दशके मुंबई हेच तियात्राचे मुख्य केंद्र राहिले. त्याचा प्रेक्षक कुडीतला खलाशी, खानसामा आणि वाजंत्री होता, आणि कित्येक नट-गायकांचा मुक्कामही तिथेच असे. घरापासून दूर असलेल्या पुरुषांच्या वस्तीत कांतारे, म्हणजे कोकणी गाणी, रचली गेली, पाठ झाली, आणि सुट्टीवर जाणाऱ्यांबरोबर गोव्यात पोचली. धोबी तलावावर वाद्यवृंदांतले वादकही मोठ्या संख्येने राहत. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गोमंतकीय वादकांचा जो भरणा होता, त्याची एक मुळी या वस्तीत सापडते.

परक्या शहरात सामाईक निवाऱ्याची गरज मराठी मुलखातल्या गिरणीकामगारांनाही होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या नावाने खोली घेत आणि ग्रामस्थ मंडळ ती चालवी. पाळीपाळीने झोपायचे, सामान भिंतीवरच्या फळीवर किंवा पेटीत ठेवायचे, खाणावळीत जेवायचे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळा, यात्रा यांसाठी वर्गणी तिथेच जमे. कूड आणि गावकीची खोली यांत खरा फरक कामाच्या लयीचा होता. गिरणीकामगाराला रोजची पाळी होती, म्हणून त्याची खोली सतत भरलेली. खलाशाची कूड भरती-ओहोटीसारखी भरे आणि रिती होई, आणि म्हणून तिला गैरहजर सभासदांच्या वर्गणीचा हिशेब बसवावा लागला.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टींनी कुडींचे भवितव्य ठरवले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली. त्यामुळे शहराच्या मध्यभागातली जागा नाममात्र भाड्यात हातात राहिली आणि वर्गणीही परवडण्याजोगी राहिली. त्याच कायद्यामुळे घरमालकाला इमारत दुरुस्त करण्यात रस उरला नाही. दुसरी गोष्ट राजकीय. गोवामुक्तीसाठी झालेल्या १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातली वाहतूक जवळजवळ थांबली, ये-जा परवान्यांवर आली. मुंबईतल्या माणसाला गावी जाणे अवघड झाले, आणि तेवढ्या वर्षांत कूड हेच त्याचे गाव झाले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा हे बंधन सुटले.

त्यानंतरची घसरण हळूहळू झाली. विमानप्रवास वाढला तसे उतारूंचे जहाज मागे पडले आणि मोठ्या ब्रिटिश प्रवासी बोटींचा भारताशी असलेला जुना व्यवहार आटत गेला. १९७० च्या दशकापासून गोव्याची माणसे आखाती देशांकडे वळली. मुंबईत महिनोन्‌महिने थांबण्याचे कारण उरले नाही. पुढे क्रूझ जहाजांची भरती करणाऱ्यांनी गोव्यातच कार्यालये उघडली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर मुंबईचे काम दोन दिवसांत उरकून परतणे शक्य झाले. नियमित राहणारे सभासद घटले, वर्गणी घटली, वयस्क पदाधिकाऱ्यांच्या जागी नवे मिळेनात. अनेक कुडी बंद पडल्या, काहींनी जागा सोडल्या.

धोबी तलावाच्या चौकात मेट्रो सिनेमासमोर असलेल्या जेर महालसारख्या इमारतींत काही कुडी अजून चालू आहेत. आता तिथे जहाजाच्या मुलाखतीला, व्हिसाच्या कामाला, परीक्षेला किंवा उपचारासाठी आलेले गावचे लोक उतरतात. कुठे बाहेरगावचे विद्यार्थीही घेतले जातात. त्यांच्यापुढचा कठीण प्रश्न जागेच्या हक्काचा आहे. पुनर्विकासात भाडेकरूचा हक्क कुणाच्या नावावर चढवायचा? कागदोपत्री भाडेकरू कधी क्लब असतो, कधी फार पूर्वी वारलेला एखादा पदाधिकारी, आणि ज्यांच्या वर्गणीवर जागा टिकली ते सभासद दोन-तीन खंडांत विखुरलेले. ज्या कुडींनी वेळीच नोंदणी केली, घटना लिहून काढली आणि भाड्याच्या पावत्या जपल्या, त्यांची बाजू अशा वाटाघाटीत भक्कम राहते.