बनगावची छावणी : पटकीवरील एका उपचाराच्या सिद्धतेचा इतिहास

युद्धामुळे विस्थापित झालेल्या लोकसमूहांच्या आरोग्याविषयीचे संशोधन हे इतर वैद्यकीय संशोधनाहून एका बाबतीत मूलतः भिन्न असते. रुग्णालयात संशोधक आपला प्रश्न आधी निश्चित करतो, त्यास अनुरूप असे रुग्ण निवडतो, आणि उपचार मिळालेले व न मिळालेले अशा दोन गटांची तुलना करून निष्कर्षास येतो. छावणीत प्रश्न आधीच दारी येऊन उभा असतो. रुग्णांची निवड करावयास अवसर नसतो, आणि हाताशी असलेला उपचार कोणास नाकारणे हे माणुसकीस धरून होत नाही. शिवाय, ज्यांच्यापाशी घर नाही, अन्न नाही आणि नकार देण्याचे सामर्थ्यही नाही, अशा माणसांपासून मिळविलेले ज्ञान कितपत विश्वसनीय आणि कितपत न्याय्य मानावे, ही शंका अशा संशोधनाची पाठ सोडीत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीच्या साथीत जे कार्य झाले, त्याचा इतिहास ह्या शंकेच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

ह्या रोगाचे स्वरूप त्याच्या देशी नावांतूनच पुष्कळसे व्यक्त होते. बंगालीत त्यास ‘ओलाउठा’ म्हणत. ह्या जोडशब्दाच्या पहिल्या पदाने खाली जाणे, म्हणजे रेच, आणि दुसऱ्याने वर येणे, म्हणजे वांती, सूचित होते. मराठी-कोकणीतील ‘मोडशी’ ह्या शब्दाचे पोर्तुगीज रूप गार्सिया द ऑर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आढळते. पुढे फ्रेंचांनी त्याच ध्वनींवरून ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा शब्दसमूह बनविला. बंगाली नावाने शरीरातून बाहेर काय जाते एवढेच सांगितले आहे, आणि वैद्यकदृष्ट्याही मर्म तेथेच आहे. पटकीचा जंतू रक्तात शिरून मनुष्यास मारीत नाही. त्याच्या विषामुळे आतड्यांतून पाणी व क्षार इतक्या वेगाने वाहून जातात की काही तासांतच रक्ताभिसरण बंद पडते. हे विष स्वतंत्र रीतीने दाखवून देण्याचे श्रेय कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांच्या १९५९ सालच्या संशोधनास आहे. गेले तितके पाणी आणि क्षार परत शरीरात घातले तर रोगी वाचतो, हे तत्त्व मात्र त्याहून जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यातच शिरेतून क्षारजल देऊन मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले होते.

अडचण होती ती मार्गाची. शिरेतून द्यावयाचा द्रव निर्जंतुक हवा, बाटल्या, नळ्या व सुया हव्यात, आणि सुई टोचणारा शिक्षित हात हवा. तोंडाने पाणी पाजावे, तर आतडे ते शोषून घेत नाही अशी समजूत रूढ होती. १९५३ साली कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ व ग्लूकोज यांचे द्रावण तोंडाने देऊन १८६ रुग्णांवर उपचार केल्याचे वृत्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि शरीरात गेलेल्या व शरीरातून आलेल्या द्रवाची काटेकोर मोजदादही नव्हती. साहजिकच त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथील परिषदेत, आतड्यातून ग्लूकोज व सोडियम हे परस्परांच्या साहाय्याने शोषले जातात अशी उपपत्ती मांडली. त्यानंतर मनिला येथे रॉबर्ट फिलिप्स यांनी केलेल्या प्रयोगात द्रावणाचे प्रमाण चुकून रुग्ण दगावले, आणि ह्या मार्गाविषयी भीती उत्पन्न झाली. अखेर १९६८ साली डाक्का येथील पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी, जेवढे बाहेर जाते तेवढे मोजून तोंडाने परत दिल्यास शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज पुष्कळ कमी होते, हे पद्धतशीर प्रयोगाने दाखवून दिले. कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातही त्याच सुमारास तसेच निष्कर्ष निघाले.

तथापि हे सारे प्रयोग रुग्णालयातले होते. प्रत्येक रोग्याच्या खाटेखाली मोजपात्र होते आणि उशाशी प्रशिक्षित परिचारिका होती. असा उपचार शिक्षितांच्या देखरेखीविना करणे धोक्याचे आहे, हे मत प्रयोगानंतरही कायम राहिले. उपचार गुणकारी आहे किंवा नाही हा प्रश्न सुटला होता. तो कोणाच्या हातून द्यावा हा प्रश्न शिल्लक होता.

२५ मार्च १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानात लष्करी दमनास प्रारंभ झाला, आणि वर्षअखेरीपर्यंत सुमारे १ कोटी माणसे सीमा ओलांडून पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय व आसाम येथे आली. सीमेलगतच्या बनगाव परिसरात लाखो निर्वासित गोळा झाले. पावसाळा तोंडावर होता, पिण्याचे पाणी दूषित होते आणि माणसे उपासमारीने क्षीण झालेली होती. पटकी पसरण्यास याहून अधिक काही लागत नाही. डॉ. दिलीप महालनाबिस हे कलकत्त्याच्या उपरोक्त केंद्रातील बालरोगतज्ज्ञ २४ जून रोजी बनगावच्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हा तेथील दोन खोल्यांतील खाटा भरून रुग्ण जमिनीवर पडले होते. ज्यांना सुई लावावयाची त्यांच्यापर्यंत जावयाचे तर इतरांच्या मळ-वांतीतून वाट काढावी लागे. शिरेतून द्यावयाच्या द्रवाचा साठा संपत आला होता आणि तो देऊ शकणारी शिक्षित माणसे मोजकीच होती.

महालनाबिस यांनी जो निर्णय घेतला, त्यामागे नवा शोध नव्हता. उपलब्ध ज्ञान साधेल तितके साधे करणे एवढेच त्याचे स्वरूप होते. दर लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लूकोज, ३.५ ग्रॅम खावयाचे मीठ आणि २.५ ग्रॅम खावयाचा सोडा, असे तीनच घटक ठरविण्यात आले. पोटॅशियम घालणे शास्त्रदृष्ट्या इष्ट होते, परंतु वाटपाच्या सोयीसाठी ते वगळले. कलकत्त्यातील केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत हे घटक तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरीत, आणि पिशव्यांची तोंडे तप्त इस्त्रीने बंद करीत. बनगावात ही पूड तोटी असलेल्या पिंपांतील पाण्यात कालवली जाई आणि रुग्णांची आई, भाऊ, शेजारी असे कोणीही पेल्यात द्रावण घेऊन ते पाजीत. जे मूर्च्छितप्राय झाले असतील त्यांस शिरेतून द्रव दिला जाई. शुद्धीवर येताच त्यांनाही पेला दिला जाई. द्रावण कसे करावे याची माहितीपत्रके सीमेवर वाटण्यात आली आणि बांगला देशाच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ती माहिती सांगितली गेली.

येथे एका शब्दाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. लोकांचा आणि काही कर्मचाऱ्यांचाही विश्वास सुईवर होता. साखर-मिठाचे पाणी म्हणजे खरा उपचार न मिळालेल्यांची समजूत घालणे, असा समज होणे स्वाभाविक होते. महालनाबिस यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, ‘सलाईन’ हा शब्द लोकांना ठाऊक असल्याने ह्या द्रावणास ‘तोंडाने घ्यावयाचे सलाईन’ असे म्हणण्यात आले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ मिठासंबंधीचा. परंतु आपल्याकडील भाषांत तो बाटली, नळी आणि सुई ह्या सर्व साहित्याचा वाचक बनला आहे. मराठीतही सलाईन ‘लावतात’ किंवा ‘चढवितात’, पाजीत नाहीत. रूढ शब्दाची प्रतिष्ठा तशीच ठेवून त्यातील सुई तेवढी काढून टाकण्याचे काम ह्या नामकरणाने केले. पुढे बांगला देशात ‘खाबार सॅलाइन’ हे नाव रूढ झाले. बंगालीत पाणीही ‘खातात’, त्यामुळे हे नाव त्या भाषेच्या अंगात सहज बसले.

आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर ह्या रीतीने उपचार झाले आणि त्यांपैकी ३.६ टक्के दगावले. शिरेतील द्रवावरच भिस्त असलेल्या अन्य उपचारस्थळी हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत होते. हा वृत्तान्त १९७३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ह्या आकड्यांची तुलना निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. दोन्ही गटांतील रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. साथीच्या आरंभीचे व नंतरचे रुग्ण सारखेच गंभीर असतीलच असे नाही, आणि प्रत्येक स्थळी डॉक्टर, खाटा व पाणी यांची स्थितीही निराळी होती. चॅटर्जी यांच्या वृत्तावर घेतलेला आक्षेप काटेकोर न्यायाने पाहिल्यास बनगावच्या वृत्तासही लागू पडतो.

परंतु दोहोंमधील अंतर येथेच स्पष्ट होते. १९५३ साली चॅटर्जी ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहत होते, त्याचे उत्तर तुलनेवाचून देता येत नव्हते. बनगावच्या वेळी ते उत्तर डाक्का व कलकत्ता येथील प्रयोगांनी आधीच मिळालेले होते. बनगावात पारख झाली ती औषधाची नव्हे, तर ते देणाऱ्या हातांची. अशिक्षित, भुकेल्या आणि भयग्रस्त आप्तांच्या हातून हा उपचार सुरक्षितपणे होतो काय, एवढेच पाहावयाचे होते. आणि हजारो रुग्णांतील अल्प मृत्युप्रमाण हा त्याचा पुरेसा पुरावा होता. नैतिक शंकेचे उत्तरही पुष्कळ अंशी यातच आहे. बनगावच्या रुग्णांची संमती कोणी लेखी घेतली नव्हती. मात्र तुलनेच्या सोयीसाठी कोणालाही उपचारावाचून ठेवले गेले नाही, आणि निर्वासित हे केवळ निरीक्षणाचा विषय न राहता उपचाराचे कर्ते झाले. दुर्बलांविषयीचे संशोधन दुर्बलांच्या हाती काय सोपवून जाते, ह्या कसोटीवर बनगावचे कार्य उतरते.

ह्या कार्याचा स्वीकार मात्र सावकाश झाला. जागतिक आरोग्य संघटनेतील धीमान बरुआ यांनी बनगाव प्रत्यक्ष पाहिले होते आणि त्यांनी ह्या उपचाराचा सतत पुरस्कार केला. संघटनेचा अतिसार-नियंत्रण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने आपल्या अग्रलेखात, ह्या उपचारामागील शोध शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल असा अभिप्राय दिला. बांगला देशात ‘ब्रॅक’ ह्या संस्थेने १९८० ते १९९० ह्या दशकात स्त्री-कार्यकर्त्यांकरवी सव्वा कोटीच्या आसपास घरी जाऊन मातांना हे द्रावण करावयास शिकविले. तेथे ग्लूकोजची जागा गुळाने घेतली आणि तराजूची जागा हाताने : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. कार्यकर्तीचे वेतन, नंतरच्या तपासणीत मातांना किती आठवते यावर अवलंबून ठेवले होते. तरीही आरंभी असे आढळले की, मातांना माहिती होती पण प्रत्यक्ष वापर अल्प होता, आणि खुद्द काही कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. पुरुषांशीही बोलणे सुरू झाले, कार्यकर्त्यांची खात्री पटविली गेली, तेव्हा वापर वाढला. हातांना कौशल्य देणे हे विश्वास देण्याहून सोपे असते, हा बनगावचाच धडा येथे पुन्हा दिसतो.

उपचार सिद्ध झाला म्हणजे छावणीतील मृत्यू टळले, असे मात्र इतिहास सांगत नाही. जुलै १९९४ मध्ये रुआंडातील हत्याकांडानंतर काही दिवसांतच ५ ते ८ लाख माणसे तत्कालीन झाईर देशातील गोमा येथे लोटली. तेथील जमीन ज्वालामुखीच्या कठीण खडकाची असल्याने शौचकूप खणणे दुरापास्त होते, आणि पिण्यास किवू सरोवराचे न शुद्ध केलेले पाणी होते. पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे मेली. त्यांत पटकी व आमांश यांचा वाटा मोठा होता. दर दिवशी दर १०,००० माणसांमागे एकाहून अधिक मृत्यू म्हणजे आणीबाणी असे मानतात. गोमा येथे हे प्रमाण २० ते ३५ होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, द्रव देण्यास लागलेला विलंब, तोंडाने द्यावयाच्या द्रावणाचा अपुरा वापर आणि काही वैद्यकीय पथकांचा अननुभव ही कारणे नोंदविली आहेत. बनगावनंतर २३ वर्षांनी ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती पाण्याची, आणि पेला हाती देणाऱ्या व घेणाऱ्या विश्वासू माणसांची.

महालनाबिस यांचे ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. महाराष्ट्रात हे द्रावण आज ‘जलसंजीवनी’ ह्या नावाने सर्वत्र परिचित आहे. संजीवनी ही पुराणकथेत शुक्राचार्यांपाशी राखलेली गुप्त विद्या होती, आणि कचास ती मोठ्या सायासाने मिळवावी लागली. बनगावात घडले ते याच्या उलट : जी विद्या रुग्णालयाच्या भिंतींत राखलेली होती, ती पिंपाच्या तोटीतून ज्याला हवी त्याच्या पेल्यात आली. युद्धग्रस्तांच्या आरोग्याविषयी पुढे होणाऱ्या प्रत्येक संशोधनाचे मोल करताना, त्याने ज्ञानात किती भर घातली ह्या प्रश्नाच्या जोडीस, ते ज्ञान कोणाच्या हाती उरले हाही प्रश्न विचारला जाणे अवश्य आहे.