पूर्वसूचना: सम्राट यंत्रापासून ‘दामिनी’पर्यंत

जयपूरच्या सी-स्कीममध्ये स्टॅच्यू सर्कल आहे. तेथे सवाई जयसिंह दुसरे यांचा पुतळा आहे. त्यांनी अठराव्या शतकात उभारलेले जंतरमंतर येथून जवळच, जुन्या शहरात आहे. तेथील सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरील छत्रीतून ग्रहणे आणि पावसाचे आगमन जाहीर केले जाई, असे सांगतात. आषाढ पौर्णिमेला ज्योतिषी आजही तेथे ध्वज घेऊन चढतात आणि वाऱ्याच्या दिशेवरून पावसाचे भाकीत करतात.

एका ठिकाणी, एका संध्याकाळी वाहणाऱ्या वाऱ्यावरून संपूर्ण हंगामाचा अंदाज बांधता येत नाही. तरीही या प्रथेत अभियंत्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे: निरीक्षण करणारा आणि ते लोकांना सांगणारा येथे एकाच जागी उभा असतो.

पुढील इतिहासात हे दोघे वेगळे झाले. मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 मध्ये स्थापन झाली, तीही मुळात खगोल आणि वेळमापनासाठी. 1850च्या दशकात तारयंत्र आले आणि संदेश प्रथमच वादळापेक्षा वेगाने जाऊ लागला. आधुनिक पूर्वसूचनेचा पाया हाच आहे. ब्रिटनमध्ये फिट्झरॉय यांनी 1861 मध्ये बंदरांना वादळाचे इशारे देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे मात्र आधी आपत्ती आली. ऑक्टोबर 1864 मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले, हजारो माणसे दगावली. त्यानंतर 1865 मध्ये त्या बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था झाली. 1875 मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

अंदाज सुधारला की माणसे वाचतात, असे आपण गृहीत धरतो. ओडिशाचा अनुभव वेगळा आहे. 1999च्या महाचक्रीवादळाचा इशारा दिलेला होता, तरी सुमारे 10,000 लोक मरण पावले. 2013 मध्ये फायलिन आले तेव्हा मृतांची संख्या काही दहांत राहिली. अंदाज अधिक अचूक झाला होता हे खरेच. पण मधल्या काळात निवारे बांधले गेले, गावोगावी सराव झाले आणि लाखो लोकांना वेळेत हलवण्यात आले.

आता पुन्हा जयपूरकडे येऊ. 11 जुलै 2021 रोजी संध्याकाळी आमेर किल्ल्याजवळील टेहळणी बुरुजावर वीज कोसळली. पाऊस पाहायला आणि फोटो काढायला गेलेल्यांपैकी किमान 11 जण ठार झाले. जवळपासच्या विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ हे अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने त्याआधीच तयार केले होते. म्हणजे तंत्रज्ञान देशात होते. पण चक्रीवादळ काही दिवसांची सवड देते, वीज जेमतेम काही मिनिटांची. एवढ्या वेळात बुरुजाची वाट कोणी बंद करायची आणि वर गेलेल्यांना खाली कोणी बोलवायचे, हे आधी ठरलेले नसेल तर अ‍ॅपचा उपयोग ते उघडून पाहणाऱ्यापुरताच राहतो.

संयुक्त राष्ट्रांनी मार्च 2022 मध्ये घोषणा केली की, 2027च्या अखेरपर्यंत पृथ्वीवरील प्रत्येक माणूस पूर्वसूचनेच्या कक्षेत यावा. या योजनेचे चार आधारस्तंभ आहेत: धोक्याचे ज्ञान, निरीक्षण व अंदाज, इशारा पोहोचवणे आणि प्रतिसादाची तयारी. अभियांत्रिकीच्या वर्गात आपण बहुतेक वेळ दुसऱ्या स्तंभावर घालवतो. इतिहास मात्र सांगतो की साखळी बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या कडीपाशी तुटते.

विचारासाठी प्रश्न: तुमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर खेळ सुरू आहे आणि वीस किलोमीटरवर विजा कडाडत आहेत. खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्या व्यक्तीला ही बातमी कोण देणार? उत्तर चार ओळींत लिहा. लिहिता आले नाही, तर तुमच्याकडे पूर्वसूचना यंत्रणा नाही.